ज्येष्ठ सहकाऱ्याला त्यांच्या कामातल्या चुका कशा सांगाव्यात?

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी मला आमच्या गटाचे प्रमुखपद मिळाले. गटात माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे असलेले एक सहकारी आहेत. मी नोकरीला लागले तेव्हा या कामाची बाराखडी त्यांनीच मला शिकवली. आजही ते मला ‘अगं’ म्हणून हाक मारतात आणि मी त्यांना ‘सर’ म्हणते. गेले चार महिने त्यांचे महिनाअखेरचे अहवाल उशिरा येतात आणि त्यांत चुका असतात. मी रात्री बसून ते दुरुस्त करते आणि पुढे पाठवते. दोन-तीनदा सूचकपणे सांगून पाहिले, पण फरक पडला नाही. मागच्या महिन्यात भर बैठकीत माझ्या तोंडून निघून गेले, की ‘काही जणांना अजून जबाबदारीचं भान नाही.’ त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलतात. जानेवारीत नवी संगणक प्रणाली आल्यापासून सगळ्यांवरच ताण आहे, हे मान्य. पण इतका निष्काळजीपणा? अप्रेझल दोन महिन्यांवर आले आहे. त्यांना न दुखावता हे कसे सांगावे? आणि त्यांच्याशी बोलण्याआधी माझ्या वरिष्ठांच्या कानावर घालावे का? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : तुमच्या पत्रातली ‘न दुखावता’ ही अट मला आधी बाजूला ठेवावीशी वाटते. इतकी वर्षे निष्ठेने काम केलेल्या माणसाला आपले चार महिन्यांचे काम सदोष होते हे कळले, तर त्याला थोडेफार वाईट वाटणारच, आणि ते वाटणे हे कामाबद्दल आस्था असल्याचेच लक्षण आहे. त्याला जराही वाईट वाटू नये असे ठरवून बोलायला बसलात, तर एकतर ते बोलणे पुढे ढकलले जात राहील किंवा इतके गुळमुळीत होईल की समोरच्याला त्यातून काहीच कळणार नाही. त्यांचा अपमान होऊ नये, त्यांना एकटे पाडले जाऊ नये आणि आपल्याविषयी आधीच निकाल लागून गेला आहे असे त्यांना वाटू नये, एवढे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि माझे पुढचे सगळे म्हणणे त्यासाठीच आहे.

तुमचे पत्र मी पुनःपुन्हा वाचले आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट ठळकपणे जाणवली, ती अशी, की तुमच्या सहकाऱ्यांना अजून कोणी काही सांगितलेलेच नाही. तुम्हाला हे पटणार नाही, कारण तुमच्या मनात हा विषय चार महिने रोज चालू आहे आणि तुम्ही ‘सूचकपणे’ बोललाही आहात. पण सूचकपणे म्हणजे नेमके काय बोललात, ते आठवून पाहा. बहुतेक ते ‘सर, या वेळी अहवाल जरा लवकर मिळाला तर बरं होईल’ किंवा ‘एकदा बेरजा बघून घ्याल का?’ अशा स्वरूपाचे असावे. हे वाक्य उच्चारताना तुमच्या डोळ्यांसमोर चारही अहवाल, त्यांतल्या न जुळणाऱ्या बेरजा, रात्रीची जागरणे आणि तोंडावर आलेले अप्रेझल असते. त्यांच्यापर्यंत मात्र यांतले काहीच पोहोचत नाही. या वेळी प्रमुखांना जरा घाई दिसते, एवढाच अर्थ त्यांना लागतो.

एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन करताना एक साधा प्रयोग केला होता, तो इथे तंतोतंत लागू पडतो. एका व्यक्तीने सर्वपरिचित गाण्याची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसरीने ते गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज असा होता, की ऐकणारे निम्मी गाणी तरी ओळखतील. प्रत्यक्षात वाजवलेल्या 120 गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द आणि चाल यांसह संपूर्ण गाणे चालू असते, त्यामुळे समोरच्याला नुसती टकटक ऐकू येत असेल ही कल्पनाच त्याला करता येत नाही. कामाच्या ठिकाणी आपण आडून सुचवतो तेव्हा हेच घडत असते. ‘इतके सांगूनही त्यांना समजत नाही’ अशी तक्रार आपण करतो, पण ‘इतके’ हा हिशेब आपल्या मनातला असतो.

आता हीच गोष्ट त्यांच्या जागेवर बसून पाहा. त्यांनी चार महिन्यांत चार अहवाल दिले. चारही स्वीकारले गेले आणि पुढे गेले. वरून काही विचारणा आली नाही, एकही अहवाल दुरुस्तीसाठी परत आला नाही. नव्या प्रणालीत आपण कसेबसे निभावून नेतो आहोत, असेच त्यांना वाटत असणार. आणि मग एक दिवस ज्या मुलीला आपण काम शिकवले, तिने सगळ्यांदेखत ‘काही जणांना जबाबदारीचं भान नाही’ असे म्हटले. नाव घेतले नसले तरी रोख कुणाकडे आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळले. त्यांच्या दृष्टीने ही पहिली सूचना होती, आणि ती जाहीरपणे, नाव न घेता आणि कशाबद्दल आहे हे न सांगता दिली गेली. त्यांचे गप्प होणे मला अगदी समजू शकते.

हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. अप्रिय बातमी सांगण्याची वेळ आली की माणूस ती टाळतो, ही प्रवृत्ती फार खोल आहे. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगात सहभागी झालेल्यांना दुसऱ्या व्यक्तीसाठी आलेला निरोप पोहोचवायचा होता. निरोप चांगला असला तर लोक तो पूर्णपणे सांगत, आणि वाईट असला तर ‘तुमच्यासाठी निरोप आहे’ एवढेच सांगून मजकुराबद्दल मौन पाळत. त्या वाईट बातमीला निरोप्या जबाबदार नव्हता, तरीही हे घडत होते. तुमच्या बाबतीत तर समोर तुमचे पहिले मार्गदर्शक आहेत. जीभ अडखळली यात नवल नाही. पण या मौनाची किंमत कोण मोजणार आहे, हेही पाहायला हवे. दोन महिन्यांनी मूल्यमापनाच्या कागदावर तुम्हाला खरे लिहावे लागेल आणि तेव्हा ते विचारतील, की हे मला फेब्रुवारीतच का सांगितले नाही? त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. सुधारण्यासाठी त्यांना जे चार महिने मिळू शकले असते ते हातचे गेले. उरलेले दोन जाऊ नयेत, म्हणून हे बोलणे याच आठवड्यात व्हावे असे मला वाटते.

बोलण्याआधीची तयारी मात्र घाईत करू नका. एक कोरा कागद घ्या आणि प्रत्यक्ष दिसलेल्या, कुणालाही दाखवता येतील अशाच गोष्टी त्यावर लिहा. कोणत्या महिन्याचा अहवाल कोणत्या तारखेला यायला हवा होता आणि कधी आला, कोणत्या तक्त्यातली एकूण बेरीज तपशिलाशी जुळत नव्हती, ती दुरुस्त करायला किती वेळ लागला, त्यामुळे पुढे कोणाचे काय अडले. हे लिहून झाल्यावर ‘निष्काळजीपणा’ हा तुमच्या पत्रातला शब्द त्या कागदावर कुठे बसतो का ते पाहा. तो बसणार नाही, कारण ती घटना नव्हे, घटनेवरून तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. आणि हा निष्कर्ष चुकीचा असण्याची बरीच शक्यता मला तुमच्याच पत्रात दिसते. जानेवारीत नवी प्रणाली आली असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि अहवालांचा गोंधळ सुरू झाला तो त्यानंतरच्या महिन्यात. त्याआधीची अनेक वर्षे त्यांचे काम चोख असावे, नाहीतर तुम्ही ‘गेले चार महिने’ असे लिहिले नसते. मग बदलले काय, त्यांचा स्वभाव की त्यांच्या हातातले साधन? एका महिन्यात स्वभाव पालटत नाही.

याचा अर्थ प्रणाली हेच कारण आहे असा मी निर्वाळा देत नाही. घरात आजारपण असेल, प्रकृतीची तक्रार असेल, ज्या पदावर आपण बसू असे त्यांना वाटत होते तिथे तुम्ही बसल्याची सल असेल, किंवा खरोखरच कामातले लक्ष उडाले असेल. कारण तुम्हाला माहीत नाही, आणि इथून मलाही दिसत नाही. फक्त दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती नजरेआड करून त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी 1967 मध्ये केलेल्या प्रयोगात वाचकांना फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध दिले होते. कोणती बाजू मांडायची हे लेखकाला नेमून दिलेले होते, असे स्पष्ट सांगितल्यावरही वाचकांना वाटत राहिले, की त्याने लिहिले ते बऱ्याच अंशी त्याचेच मत असणार. ली रॉस यांनी 1977 मध्ये माणसाच्या या सवयीला ‘मूलभूत आरोपण-दोष’ या अर्थाचे नाव दिले. तेव्हा बैठकीला जाताना तुमच्याकडे घटना पक्क्या असाव्यात आणि कारणाची जागा रिकामी असावी. ती जागा त्यांनी भरायची आहे.

घटनांवरच बोला असा आग्रह धरण्याला दुसरेही कारण आहे. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायाच्या परिणामांविषयीचे तोवरचे संशोधन एकत्र करून तपासले. त्यात 607 परिणाम-मापने आणि 23,663 निरीक्षणे होती. सरासरी पाहता अभिप्रायामुळे काम सुधारते असेच दिसले, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय दिल्यानंतर काम उलट खालावले होते. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला फार मोलाचे वाटते. अभिप्राय ऐकताना माणसाचे लक्ष कामावर राहिले तर त्याचा उपयोग होतो; ते कामावरून उडून स्वतःकडे, म्हणजे ‘मी कसा आहे, माझी किंमत काय’ या प्रश्नाकडे वळले, की अभिप्रायाचे बळ ओसरते. ‘बेरीज जुळत नाही’ हे ऐकणारा बेरजेकडे पाहतो. ‘जबाबदारीचं भान नाही’ हे ऐकणारा स्वतःला वाचवण्याच्या मागे लागतो आणि बेरीज तिथेच राहते.

आता प्रत्यक्ष बोलण्याविषयी. वेळ अशी निवडा की तुमच्या दोघांच्याही मागे तासभर कुठले काम नसेल, आणि जागा अशी की काचेपलीकडून कोणी पाहत नसेल. अहवाल द्यायच्या दिवशी किंवा एखादी चूक नुकतीच सापडली असताना बोलू नका, कारण त्या दिवशी तुमचा आवाज तुमच्या ताब्यात नसेल. आदल्या दिवशी त्यांना विषय सांगून ठेवा: ‘सर, उद्या दुपारी महिनाअखेरच्या अहवालांबद्दल तुमच्याशी अर्धा-पाऊण तास बोलायचं आहे, आपण दोघंच असू.’ नुसते ‘जरा बोलायचं होतं’ एवढेच म्हणून माणसाला रात्रभर तर्क करत ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते. आणि त्यांना ‘सर’ म्हणत आला आहात तर ‘सर’च म्हणा. आज अधिकाराने बोलायचे आहे म्हणून संबोधन बदलले, तर बाकी सगळे शब्द विसरले जातील आणि तो एक बदल त्यांच्या लक्षात राहील.

पहिले बोलणे बैठकीतल्या वाक्याबद्दलचे असू द्या, आणि ते अहवालांच्या विषयात मिसळू नका. ‘मागच्या महिन्यात बैठकीत मी जे बोलले ते तुम्हाला उद्देशून होतं आणि ते तसं, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. मला त्याचं वाईट वाटतं.’ एवढे पुरे. त्यापुढे ‘पण’ आणू नका. ‘मी चुकलेच, पण तुम्हीही...’ असे म्हटले, की ती क्षमायाचना न राहता आरोपाची प्रस्तावना होते. सगळ्यांसमोर झालेल्या गोष्टीची भरपाई खासगीत पूर्ण होत नाही, म्हणून पुढच्या बैठकीतही त्यांचे नाव न घेता ‘मागच्या वेळचं माझं वाक्य अनुचित होतं’ असे एका वाक्यात सांगून टाका, असे मी सुचवीन. मात्र तसे करण्यापूर्वी त्यांना विचारा, कारण तो विषय पुन्हा निघू नये असेही त्यांना वाटत असू शकेल.

मग थोडे थांबून मुद्द्यावर या. बोलणे साधारण असे होऊ शकेल:

‘सर, आता कामाचं एक अवघड बोलायचं आहे. फेब्रुवारीपासूनचे चारही अहवाल पाच तारखेऐवजी आठ-नऊ तारखेला आले. त्यांतल्या तीन अहवालांत एकूण बेरीज आणि विभागवार बेरीज जुळत नव्हती. हे तक्ते मी सोबत आणले आहेत. मी ते दुरुस्त करून पुढे पाठवत राहिले आणि तुम्हाला सांगितलं नाही. तसं करायला नको होतं, कारण त्यामुळे हे तुम्हाला कळायलाच उशीर झाला. पण हे असं पुढे चालणार नाही. अहवाल वेळेत आणि तपासून यायला हवेत. नेमकं काय होतंय, ते मला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.’

तारखा आणि आकडे अर्थात तुमच्या कागदावरचे घ्या. हे सगळे सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि ती मुद्दामच कमी ठेवायची आहेत. अवघडलेला माणूस बोलत सुटतो. मुद्दा सांगून झाला की त्याला शांतता सहन होत नाही, मग तो स्वतःच ‘अर्थात फार मोठी गोष्ट नाहीये’, ‘सगळ्यांचंच होतं तसं’ अशी ठिगळे लावू लागतो आणि दोन मिनिटांपूर्वी जे कष्टाने सांगितले ते स्वतःच पुसून टाकतो. शेवटचे वाक्य बोलून झाल्यावर तुम्ही गप्प बसायचे आहे. ते तक्ते उचलून पाहतील, चष्मा काढतील, पुन्हा पाहतील. पाहू द्या. कदाचित त्या चुका ते पहिल्यांदाच बघत असतील.

अशा प्रसंगी आधी कौतुक, मध्ये चूक आणि शेवटी पुन्हा कौतुक असा क्रम अनेक प्रशिक्षणांत शिकवला जातो. मला तो पटत नाही. अनुभवी माणसाला पहिल्याच स्तुतीत पुढची चाहूल लागते आणि मग खरे कौतुकही खोटे वाटू लागते. अननुभवी माणूस दोन्हीकडची स्तुती घेऊन जातो आणि मधले विसरतो. पण म्हणून त्यांच्याबद्दलचा तुमचा आदर मनातच ठेवा असे मी म्हणत नाही. जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी 1999 मध्ये केलेल्या अभ्यासात गोऱ्या परीक्षकाने कृष्णवर्णीय अमेरिकन विद्यार्थ्यांच्या लेखनावर टीका केली, तेव्हा नुसती टीका त्यांना पक्षपाती वाटली आणि त्यांचा उत्साह मावळला. मात्र त्या टीकेसोबत ‘आमचा निकष उंच आहे’ आणि ‘तुम्ही तो गाठू शकता’ ही दोन्ही विधाने आली, तेव्हा तीच टीका त्यांनी उमेदीने स्वीकारली. वयाने, पदाने किंवा अन्य कारणाने दोघांत अंतर असले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘यामागे हेतू काय?’ हाच असतो, आणि त्याचे उत्तर न मागता द्यावे लागते. तुमच्यापाशी ते उत्तर तयार आहे: ‘अहवाल कसा तपासायचा हे मला तुम्ही शिकवलंत. तोच निकष मी आज लावते आहे, आणि तुमच्याकडून तो सहज पुरा होईल याबद्दल मला शंका नाही.’ हे खरे असेल तरच बोला. तुमच्या पत्रावरून ते खरे आहे असे मी धरून चालले आहे.

यानंतर ते काय म्हणतील, हे आधी ठरवता येणार नाही. पण दोन-तीन वळणे संभवतात आणि त्यांचा विचार करून ठेवलेला बरा. सगळ्यात सोपे वळण म्हणजे ते प्रणालीबद्दल बोलू लागतील: जुन्या पद्धतीत बेरजा आपोआप येत, आता दोन ठिकाणी वेगळ्या भराव्या लागतात, प्रशिक्षणाच्या दिवशी ते रजेवर होते, आणि आपल्यापेक्षा लहान मुलांना विचारायला संकोच वाटला. असे झाले तर तुम्ही नशीबवान आहात, कारण ही अडचण सुटण्यासारखी आहे. तुम्ही फक्त लगेच तोडगा सांगून मोकळे होऊ नका; ‘यात माझ्याकडून काय हवं?’ असे विचारा आणि त्यांनाच मार्ग सुचवू द्या.

दुसरे वळण रागाचे. ‘तू काल आलीस आणि मला शिकवतेस?’ हे वाक्य येऊ शकते. त्याला उत्तर देऊ नका, म्हणजे आपल्या अधिकाराचे समर्थन करत बसू नका. ‘तुम्हाला हे माझ्याकडून ऐकणं जड जात असेल, मलाही सांगणं जड जातंय,’ एवढे म्हणा आणि पुन्हा तक्त्यावर या. राग फारच चढला तर ‘आज इथे थांबू, परवा याच वेळी पुन्हा बसू,’ असे सांगून उठा. मात्र परवाची वेळ ठरवूनच उठा. तिसरे वळण मला सर्वांत अवघड वाटते. ते ‘बरं, बघतो’ असे म्हणून उठू पाहतील. हा होकार नसतो. अशा वेळी नम्रपणे पण सोडून न देता विचारा: ‘सर, मी नीट सांगितलं का ते मला कळत नाहीये. तुम्हाला यातून काय समजलं ते सांगाल?’ ते जे सांगतील त्यावरून तुमचे शब्द पोहोचले की नुसती टकटकच ऐकू आली, हे तुम्हाला कळेल.

आणि ते तुमच्याविषयी काही बोलले तर? तुम्ही प्रमुख झाल्यापासून परस्पर निर्णय घेता, विचारत नाही, अहवालाचा नमुना न सांगता बदललात, असे काही. हे मुद्दे विषयांतर वाटतील आणि काही वेळा ते असतीलही. तरी ते लिहून घ्या, एखादा खरा असेल तर तिथेच मान्य करा, आणि बाकीच्यांसाठी वेगळी वेळ द्या. ज्या माणसाला आपण ऐकायला लावतो त्याचे आपणही ऐकले पाहिजे, हे उघड आहे. पण त्या ओघात तुमचा मूळ विषय सुटू देऊ नका.

शेवटी काय ठरले ते दोघांनी मिळून उच्चारा आणि त्याच दिवशी दोन-तीन ओळींत लिहून त्यांना पाठवा: अहवाल कधी येणार, बेरजा कोण तपासणार, प्रणालीसाठी कोणाची मदत मिळणार, पुन्हा कधी बसायचे. ही भाषा नोटिशीची असू नये. पुढचा अहवाल येण्याच्या तीन-चार दिवस आधी एकदा सहज विचारपूस करा आणि तो आल्यावर त्याच दिवशी, चांगला असो वा सदोष, त्यांना कळवा. चांगला आला तर ‘या वेळी दोन्ही बेरजा जुळल्या, पुढे मला काहीच दुरुस्त करावं लागलं नाही’ असे नेमके सांगा. नुसते ‘छान’ म्हटल्याने काय छान झाले ते कळत नाही.

यात तुमच्या बाजूने पाळायची एक अट आहे आणि ती तुम्हाला त्यांच्याइतकीच जड जाईल. यापुढे रात्री बसून त्यांचा अहवाल दुरुस्त करायचा नाही. चूक सापडली तर खूण करून तो परत त्यांच्याकडेच जायला हवा, मग पुढे पाठवायला एक दिवस उशीर झाला तरी चालेल. तुम्ही प्रेमापोटी आणि भीतीपोटी जी चूक झाकत होतात, ती झाकली गेल्यामुळेच त्यांना दिसली नाही. शिवाय त्या जागरणांनी तुमच्या मनात जो राग साठत गेला, तोच बैठकीत बाहेर पडला असे मला वाटते. तुम्ही थकला होता, हे तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते, आणि थकलेल्या माणसाच्या हातून असे होते.

दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर मूल्यमापनात जे घडले ते तसेच लिहावे लागेल. पण तेव्हा त्यातला एकही शब्द त्यांना नवा नसेल. नवा असेल तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. फरक पडला तर तोही तितक्याच नेमकेपणाने लिहा आणि पहिल्या चार महिन्यांची नोंद करताना त्यांना तेव्हा कळवले गेले नव्हते हेही नमूद करा. ते तुमच्याविरुद्ध जाईल याची भीती वाटेल. तरी लिहा.

वरिष्ठांच्या कानावर आधी घालावे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. माझे मत ‘नाही’ असे आहे. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांना काही माहीत नसताना त्यांच्या चुकांची चर्चा वरच्या खोलीत झाली, आणि तसे झाल्याचे त्यांना कळले (ते कळतेच), तर तुमच्या पुढच्या कुठल्याही बोलण्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत. अपवाद दोनच. चुकीचे आकडे आधीच पुढे गेले असतील आणि त्यावर कुणी निर्णय घेतला असेल, तर ते लगेच सांगायला हवे. पण तेही ‘माझ्या गटाकडून गेलेल्या अहवालात चूक होती’ अशा शब्दांत. दुसरा अपवाद म्हणजे अशा बोलण्याआधी मनुष्यबळ विभागाला कळवावे असा तुमच्या संस्थेचा नियम असेल, तर तो पाळा. बोलायचे कसे, याचा सल्ला मात्र वरिष्ठांकडे जरूर मागा; नाव न घेता मागता येतो आणि चांगले वरिष्ठ नाव विचारतही नाहीत. भेट झाल्यावर, पुढचे काय ठरले आहे यासह, वरिष्ठांना सांगणार असाल तर तेही आधी तुमच्या सहकाऱ्यांना कळू द्या: ‘आपण जे ठरवलं ते मी वर कळवणार आहे, त्यात हे-हे असेल, काही बदलायचं असेल तर सांगा.’